पुदिना वाटू नये : घरगुती मोहितोविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

फळे, पुदिना, लिंबू आणि मद्य यांच्या मिश्रणातून तयार होणाऱ्या थंड पेयांमध्ये क्यूबातील मोहितो हे सर्वाधिक परिचित होय. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशन या संघटनेने प्रमाण मानलेल्या कृतीत ४५ मिलिलिटर पांढरी क्यूबन रम, २० मिलिलिटर लिंबाचा ताजा रस, पुदिन्याच्या सहा काड्या, दोन चहाचे चमचे साखर आणि वरून सोडा एवढेच घटक येतात. कलिंगड, अननस किंवा स्ट्रॉबेरी ही त्यात पुढे पडलेली भर आहे. कृती इतकी सुटसुटीत असूनही घरी केलेले पेय पुष्कळदा कडवट, गढूळ आणि गवताचा वास मारणारे निघते, आणि त्याचे खापर रमच्या दर्जावर किंवा मंडईतल्या पुदिन्यावर फोडले जाते. खरा दोष बहुधा सर्वत्र ऐकू येणाऱ्या एका सल्ल्याचा असतो : पुदिना जितका ठेचावा तितका त्याचा स्वाद अधिक उतरतो.

या समजुतीचे मूळ शोधणे अवघड नाही. आले, लसूण, वेलदोडा यांचा स्वाद काढण्याचा मार्ग मराठी स्वयंपाकघरात खलबत्त्यातून किंवा पाट्यावरून जातो, आणि त्या पदार्थांपुरता तो योग्यही आहे, कारण आल्याचे सुगंधी तेल कंदाच्या गराभर विखुरलेल्या पेशींत असते व गर फोडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. पुदिन्याची रचना निराळी आहे. त्याचे तेल पानाच्या आत नसून पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींमध्ये, म्हणजे वनस्पतिशास्त्रात ज्यांना ग्रंथियुक्त केस म्हणतात त्यांच्यामध्ये, एका पातळ आवरणाखाली साठलेले असते. हे आवरण इतके नाजूक असते की बोटांच्या हलक्या दाबानेही ते फुटते. जुडी निवडताना हाताला जो वास लागतो तो याच फुटलेल्या ग्रंथींचा. पान न फाडताच तेल मोकळे होत असेल, तर पान फाडून अधिक काय मिळते, हा प्रश्न ठेचण्याचा सल्ला देणारे विचारत नाहीत.

मिळते ते नको असलेले. पानाच्या आतील पेशी फुटल्या की त्यांतील हरितद्रव्य, तुरट-कडवट फिनॉलवर्गीय द्रव्ये आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर (म्हणजे पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) ही सारी एकत्र येतात. विकर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने फिनॉलांवर क्रिया करते आणि त्यातून तपकिरी रंगाची द्रव्ये तयार होतात. चिरलेले वांगे काळे पडते ते याच विकरामुळे. मिक्सरमध्ये फिरवलेला पुदिना मिनिटांतच मलूल हिरवा, मग काळपट होतो आणि त्याच्या ताज्या सुगंधाची जागा ओल्या गवताचा वास घेतो. पेल्याच्या तळाशी साचणारा आणि स्ट्रॉ चोंदवणारा चोथा हा तर वेगळाच त्रास.

यावर दोन आक्षेप हटकून घेतले जातात. पहिला असा की लिंबाचा रस पडला म्हणजे रंग टिकतो. हे अर्धेच खरे आहे : आम्लामुळे विकराचा वेग मंदावतो हे बरोबर, परंतु त्याच आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि फिओफायटिन नावाचे शेवाळी-तपकिरी द्रव्य मागे उरते, त्यामुळे वाटलेल्या पानांचा रंग लिंबाने जपला जात नाही, बिघडण्याचा मार्ग तेवढा बदलतो. दुसरा आक्षेप चटणीचा. चटणीत पुदिना वाटतात आणि ती उत्तम लागते, हे कोण नाकारील? परंतु चटणीत वाटलेले पान हाच खाद्यपदार्थ असतो, त्याच्या सोबतीला मिरची, मीठ, खोबरे किंवा कोथिंबीर असते आणि थोडा कडवटपणा त्यांत सहज खपून जातो. पाणी, बर्फ आणि सोडा यांनी पातळ झालेल्या पेयात त्याला लपायला जागा नसते. एका पदार्थाचा नियम दुसऱ्याला लावायचा, आणि पेय बिघडले की रम बदलायची, हा क्रम किती वर्षे चालू राहणार कोण जाणे.

न्याय्यपणे एक अपवाद नोंदवला पाहिजे. अमेरिकी लेखक व बारतज्ज्ञ डेव्ह अर्नॉल्ड यांनी २०१४ सालच्या ‘लिक्विड इंटेलिजन्स’ या ग्रंथात पाने थेट तीव्र मद्यातच वाटून लगेच गाळण्याची पद्धत मांडली आहे, कारण मद्यार्काच्या तीव्रतेने पॉलिफिनॉल ऑक्सिडेज निष्क्रिय होते. अर्थात तेथे वाटण्याबरोबर मद्य आणि गाळणी या दोन्ही अटी आहेत. घरोघरी पाळला जाणारा सल्ला वाटणे तेवढे उचलतो आणि अटी सोडून देतो.

योग्य कृतीत फळ आणि पुदिना यांना एकच वागणूक देऊन चालत नाही. फळाचा रस गरात असल्यामुळे ते आधी पेल्यात घेऊन लाकडी दांड्याने चांगले चेचावे. कलिंगड असल्यास बिया काढाव्यात आणि त्यात आंबटपणा फारच कमी असल्यामुळे लिंबाचा हात आखडता घेऊ नये. त्यानंतर साखर व लिंबूरस घालून, पुदिन्याची पाने वरून टाकून, ती दांड्याने चार-पाच वेळा केवळ दाबावीत. पाने अखंड व हिरवी राहिली आणि पेल्यातून वास दरवळला, म्हणजे काम झाले. मग रम ओतावी, कारण सुगंधी तेल पाण्यापेक्षा मद्यार्कात कितीतरी सहज विरघळते. त्यावर बर्फ आणि शेवटी सोडा घालून एकदाच हलके ढवळावे. साखर थंड द्रवात सावकाश विरघळत असल्याने तिच्याऐवजी समभाग साखर व पाणी यांचा पाक वापरण्यास हरकत नाही.

इतर गैरसमजांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. पुदिन्याने पेय किंवा शरीर प्रत्यक्षात थंड होत नाही : मेंथॉल हे द्रव्य थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम८ या संवेदी प्रथिनाला चेतवते आणि मेंदूला गारव्याचा भास होतो, हे २००२ मध्ये दाखवून देणाऱ्या संशोधकांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना तापमान व स्पर्श यांच्या संवेदी प्रथिनांवरील कार्यासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातही भाजीबाजारातल्या नेहमीच्या पुदिन्यात मेंथॉल नगण्य असते. त्याचा वास मुख्यतः कार्व्होन या द्रव्याचा असतो, आणि मेंथॉलसाठी उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या परिसरात पिकवला जाणारा मेंथा ही वेगळी जात आहे. क्यूबातील यर्बा बुएना हा पुदिना मिळाला नाही तर मोहितो होतच नाही, हेही खरे नव्हे. बाजारातली ताजी जुडी पुरते. बर्फ जास्त घातल्याने पेय पाणचट होते ही तक्रार उलटी आहे, कारण भरपूर बर्फात पेय लवकर गार होते आणि पुढचे वितळणे मंदावते. अर्नेस्ट हेमिंग्वेचा मोहितो म्हणून हवानातील ला बोदेगिता देल मेदियो या मद्यगृहात मिरवल्या जाणाऱ्या चिठ्ठीच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. आणि निळ्या सिरपच्या पेयाला मोहितो म्हणण्याबद्दल न बोललेलेच बरे.

एक गैरसमज मात्र ओझरता सोडण्याजोगा नाही, तो म्हणजे फळे आणि पुदिना असल्यामुळे हे पेय ‘हलके’ किंवा आरोग्यदायी असते. भारतात विकल्या जाणाऱ्या रममध्ये मद्यार्काचे प्रमाण बहुधा ४२.८ टक्के असते. त्या हिशेबाने ४५ मिलिलिटर रममध्ये सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क येतो, जो १० ग्रॅमच्या प्रमाण मापाच्या दीडपट आहे, आणि घरी मापाशिवाय ओतताना तो सहज वाढतो. गोडवा, आंबटपणा आणि सुगंध यांनी मद्याची चव झाकली जाते, मद्यार्क कमी होत नाही. मद्यपानाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केली आहे. रम वगळूनही हे पेय उत्तम होते. तेव्हा लिंबूरस व फळ किंचित वाढवावे. रम घालायचीच असेल तर महाराष्ट्रात, १९४९ च्या मद्यनिषेध कायद्यानुसार, घराच्या चार भिंतींआडही परवाना लागतो, आणि रमसारख्या तीव्र मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात.