पुन्हा त्याच फांदीवर

वेडा राघू हा नवशिक्या चित्रकारावर मेहेरबान असलेला पक्षी आहे. तारेवर किंवा वाळक्या काटकीवर बसायचं, झेप घेऊन हवेतच माशी नाहीतर चतुर टिपायचा आणि परत त्याच जागी येऊन बसायचं, हा त्याचा दिवसभराचा क्रम. पहिल्या खेपेला चोचीचा बाक तेवढा कागदावर येतो. तो उडाला की पेन्सिल तशीच धरून थांबायचं. तो परतला की मानेपासून पाठीपर्यंतची रेघ पुरी होते. पुढच्या खेपेला शेपटीच्या मधून निघालेली दोन बारीक पिसं दिसतात, जी तोवर नजरेत भरलीच नव्हती. कोतवालही असाच परतणारा. ढोकरी तर पाण्याकाठी इतकी निश्चल उभी असते की घाई आपलीच आपल्याला नकोशी वाटावी. चिमणी मात्र हैराण करते. तिच्यापासून सुरुवात करू नये.

नव्या वर्षाला किंवा एखादं प्रदर्शन पाहून आल्यावर कोरी स्केचबुक आणणारे पुष्कळ असतात. पहिली पानं हौसेनं भरतात, मग एक पान बिघडतं आणि वही कपाटात जाते. याचं खापर आपण आळसावर फोडतो. मला ते पटत नाही. ज्यांची स्केचिंगची सवय वर्षानुवर्षं टिकली, अशी जी माणसं मी जवळून पाहिली, ती इतरांहून जास्त जिद्दीची होती असं मुळीच नाही. त्यांच्याकडे परत परत जाण्यासारखी एखादी जागा होती आणि तिथे त्यांची वाट पाहणारी चार माणसं होती. आज जगभर स्केचिंगच्या गटांचं पेव फुटलं आहे आणि आपल्या शहरांतही ते लोण पोचलं आहे. पण आपल्याकडे या गोष्टीची मुळं बरीच जुनी आहेत, आणि ती आधी पाहायला हवीत.

मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथल्या इंग्रजी वळणाच्या शिक्षणाबद्दल कितीही वाद घातला, तरी एक गोष्ट त्यानं इथे रुजवली: चित्रकारानं वही घेऊन बाहेर पडायचं. शाळेजवळचं क्रॉफर्ड मार्केट, बोरीबंदरचे फलाट, भायखळ्याची राणीची बाग, ससून डॉक या जागी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचा हात तयार झाला. बाकावर मुटकुळं करून झोपलेला हमाल निदान पाच मिनिटं मिळतो. टोपलं डोक्यावर घेऊन निघालेली कोळीण पाच सेकंदही मिळत नाही. वर्गात मॉडेल समोर बसवून जे येत नाही ते इथे येतं, कारण इथे खोडरबराला वेळच नसतो. सबंध आकृतीचा तोल एका नजरेत उचलावा लागतो.

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) कोल्हापुरातून या शाळेत आले, इथेच शिक्षक झाले आणि जन्मभर माणसं रेखाटत राहिले. एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या १९१२ च्या पुस्तकासाठी मुंबईतल्या गल्लीबोळांतली माणसं त्यांनीच काढली. लुगडं नेसण्याच्या नाना तऱ्हा आणि पगड्यांचे घाट धुरंधरांच्या रेषेत इतक्या सहजपणे येतात, की ही माणसं त्यांनी सतत पाहिली असणार याची खात्री पटते. कल्पनेनं काढलेल्या पगडीत तो नेमकेपणा येत नाही.

आबालाल रहिमान यांची वाट निराळी. जे. जे. मध्ये नावाजलेला हा विद्यार्थी कोल्हापूरला परतला आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच रमला. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ. जागा त्याच, प्रहर वेगळा, ऋतू वेगळा. त्यांनी हजारो चित्रं केली असं कोल्हापुरात सांगतात. त्यातली फार थोडी आज उरली आहेत. पण जी आहेत ती पाहताना जाणवतं, की नवा विषय शोधायची या माणसाला गरजच पडली नसावी. तळ्यावरचा उजेड ते काम करत होता. सवय कशी टिकते, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. विषय रोज बदलायला गेलं की रोज नव्यानं ठरवावं लागतं, आणि ठरवण्यातच माणूस थकतो. जागा एकच ठेवली तर बदल ती जागा पुरवते.

आपल्या चित्रकारांच्या बोलण्यात ‘लँडस्केपला जाणं’ असा एक प्रयोग आहे. वाईचे घाट, मेनवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि त्याला लागून कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या, नाशिकचा गोदाकाठ, कोल्हापूरचा पंचगंगा घाट ही त्याची ठरलेली ठाणी. रविवारी उजाडताच निघायचं, कारण सकाळी साडेनवाच्या आत सावल्या लांब असतात आणि दगडी पायऱ्यांना उठाव मिळतो. अकरानंतर सगळं सपाट दिसू लागतं. बोर्ड, घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, जुन्या धोतराचा तुकडा. काम संपलं की सगळ्यांची चित्रं घाटाच्या भिंतीला टेकवून ओळीनं मांडायची आणि चार पावलं मागे सरकून पाहायची. कोणी म्हणतं, टोन कमी पडलाय. कोणी म्हणतं, पुढचा भाग मोकळा सोडला असतास तर पाणी बोललं असतं. मग चहा.

ही भिंतीला टेकवून पाहण्याची पंधरा मिनिटं मला सगळ्या सकाळीत सर्वांत मोलाची वाटतात. एकाच घाटाकडे दहा जणांनी पाहिलेलं असतं आणि दहांनी वेगळं काही उचललेलं असतं. एकाला कमानीखालचा काळोख दिसला, एकाला वाळत घातलेलं नऊवारी, एकाला नुसता दीपमाळेचा उभा सूर. स्वतःचं पान घरी एकट्यानं पाहिलं की चुकाच दिसतात. दहांच्या ओळीत तेच पान पाहिलं, की आपण काय पाहिलं होतं तेही कळतं. कोल्हापूरच्या ‘रंगबहार’ संस्थेनं याच गोष्टीला उत्सवाचं रूप दिलं आहे. टाऊन हॉलच्या बागेत भरणाऱ्या ‘मैफल रंगसुरांची’ या सोहळ्यात चित्रकार आणि शिल्पकार लोकांसमोर काम करतात, शेजारी गाणं चालू असतं आणि शहर येऊन पाहतं.

परदेशात हीच ओढ वेगळ्या रस्त्यानं संघटित झाली. पिक्सार स्टुडिओतले चित्रकार एन्रिको कासारोसा यांनी २००४ मध्ये ‘स्केचक्रॉल’ सुरू केलं: ठरलेल्या दिवशी शहरातून भटकत दिवसभर रेखाटायचं आणि शेवटी वह्या एकत्र पाहायच्या. सिएटलचे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ची सुरुवात केली. त्यांचा दंडक असा की चित्र जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहूनच काढायचं, फोटोवरून नाही. आणि समोरच्या दृश्याशी इमान राखायचं. २०१० मध्ये पोर्टलंडला त्यांचं पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन झालं. मुंबई आणि पुण्यातही या चळवळीचे गट आहेत. त्यांच्यात वास्तुरचनेचे विद्यार्थी, बँकेतून निवृत्त झालेले काका, सॉफ्टवेअरमधल्या मुली असे सगळे असतात, आणि शेवटी वह्या जमिनीवर पसरून सगळे भोवती उभे राहतात. वाईच्या घाटावरची भिंत इथे फरशीवर आली, एवढाच फरक.

बायकांसाठी गटाचं महत्त्व आणखी आहे. एकटी बाई नदीकाठी तासभर बसून चित्र काढते, हे आपल्या गावांत अजून पुरतं सहज झालेलं नाही. मागे घोळका जमतो, प्रश्न सुरू होतात, कोणी फोटो काढू लागतं. सहा जणी एकत्र बसल्या की तोच घोळका प्रेक्षक होतो. बऱ्याच जणींची वही घराच्या खिडकीतून बाहेर पडली ती अशा गटामुळेच.

शहराच्या चित्रणाला माणसांचा गट लागतो. निसर्गाच्या चित्रणाला पंचांग लागतं. एडिथ होल्डन ही इंग्लंडमधली चित्रकला शिक्षिका. १९०६ सालभर तिनं आपल्या परिसरातली फुलं, पक्षी आणि किडे महिन्यामहिन्यानं एका वहीत काढले, शेजारी टिपणं केली. विद्यार्थिनींना नमुना म्हणून केलेली ती वही १९७७ मध्ये छापली गेली आणि जगभर वाचली गेली. होल्डन तोवर हयात नव्हती. १९२० मध्ये थेम्सकाठी चेस्टनटच्या कळ्या गोळा करताना ती पाण्यात पडून गेली. अमेरिकेत जॉन म्यूर लॉज यांनी अशा वहीची शिस्त सोपी करून मांडली. समोरच्या वस्तूत मला काय दिसतं, कशाचं कुतूहल वाटतं आणि यावरून काय आठवतं, हे तीन प्रश्न चित्राशेजारी लिहीत जायचे. चित्र सुंदर होण्याची अट त्यांनी काढूनच टाकली. निरीक्षण पुढे सरकलं की पान यशस्वी.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ म्हणजे चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांची शब्दांतली निसर्गवहीच आहे. त्याहून कितीतरी मागे, सतराव्या शतकात कोचीला डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांनी मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तिघे कोकणी वैद्य त्या कामात होते. नागरी लिपीतलं त्यांचं कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेलं आहे. झाड ओळखणारा वैद्य, झाड काढणारा चित्रकार आणि लिहिणारा विद्वान एकत्र बसल्याशिवाय ते काम झालं नसतं. आजच्या एखाद्या निसर्गमंडळाच्या भटकंतीत एकाला नावं माहीत असतात, दुसऱ्याचा हात चांगला असतो, तिसऱ्याचे कान पक्ष्यांच्या आवाजाला तयार असतात. वही प्रत्येकाची वेगळी, पण तिच्यातली माहिती तिघांची असते.

सह्याद्रीत राहणाऱ्याला या कामासाठी कारवीसारखी सोबत नाही. सात वर्षांनी एकदा ती फुलते, डोंगर जांभळा करते, बी टाकून मरते. त्या वर्षी कॅमेरे घेऊन सगळे धावतात. मधल्या सहा वर्षांत तिची खरखरीत पानं, कुडाच्या भिंतींसाठी कापून नेलेल्या काठ्या, पावसाळ्यातले नवे कोंब यांकडे कोणी वळत नाही. एकच झुडूप दर श्रावणात रेखाटत गेलं तर सातव्या वर्षी फुलांचं पान अख्ख्या आयुष्याच्या शेवटी येईल, आणि ते कोणत्याही फोटोत मावणार नाही. कासला मात्र नियम पाळावेत. ठरलेल्या वाटेवरूनच पाहावं आणि तिथूनच काढावं. चांगल्या कोनासाठी सीतेच्या आसवांवर बैठक मारणारा चित्रकार माझ्या लेखी चित्रकार नव्हे.

डोंगर जवळ नसला तरी काटेसावर बहुतेकांच्या आसपास असते. पानं गळली की तिच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्यानं आडव्या पसरलेल्या स्पष्ट दिसतात. झाडाची रचना शिकायला एवढं मोकळं झाड दुसरं नाही. आंब्यापासून सुरुवात करणाऱ्याच्या हाती नुसता हिरवा गोळा लागतो. काटेसावरीचा सांगाडा हाताला समजला, की पाठोपाठ पांगारा आणि पळस घ्यावेत. उन्हाळ्यात बहावा घ्यावा. त्याचे लोंबते घोस बाहेरून काढायला गेलं तर पिवळा चिखल होतो, देठापासून खाली उतरत आलं तर जमतात.

साधनांबद्दल फार लिहायचं कारण नाही. खिशात मावणारी वही आणि एक काळं पेन पुरतं. पेन यासाठी की चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची सवय लागते. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा आणि हवा लिहावी. वर्षानं वही उलगडली की चित्रापेक्षाही कधी कधी ती ओळ जास्त सांगते. कोकणातल्या पावसात जलरंगाचा वॉश तासभर सुकत नाही, तेव्हा पागोळ्यांच्या आत बसून पेन्सिलीनं काम करावं. मराठीत या विषयावर चांगली पुस्तकं आहेत. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या पुस्तकांनी, विशेषतः मिलिंद मुळीक यांच्या जलरंगांच्या पुस्तकांनी, कितीतरी जणांच्या हातात कुंचला दिला आहे.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. कार्यशाळा वाढल्या, प्रात्यक्षिकं वाढली, आणि त्याबरोबर सगळ्यांची चित्रं सारखी होऊ लागली. गुरूचा ओला आकाशाचा वॉश, गुरूचीच छत्री घेतलेली दोन माणसं, गुरूचाच चमकणारा रस्ता. घाट समोर असूनही नजर गुरूच्या कागदावर असते. प्रात्यक्षिक पाहावं, पण त्यानंतर सगळ्यांनी पाठ फिरवून वेगवेगळ्या दिशांना बसावं, असा नियम प्रत्येक गटानं करायला हवा. दुसरा नियम फोनबद्दलचा. काढलेलं पान तिथल्या तिथे जगाला दाखवून दाद मिळवण्याची घाई लागली, की बिघडलेली पानं काढायची हिंमत जाते. आणि नव्या वाटा सापडतात त्या बिघडलेल्या पानांतच.

हे सगळं मोठ्या वयात शिकावं लागतं, याचं वाईट वाटतं. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना दरवर्षी लाखो मुलं बसतात. एवढी मोठी परंपरा देशात फार थोड्या ठिकाणी असेल. पण स्मरणचित्रातलं झाड बहुतेक मुलं पाठ करून काढतात: तपकिरी खोड, वर हिरवा ढग. शाळेच्या आवारात कडुलिंब किंवा पिंपळ उभा असतो. त्याच्याकडे कोणी पाहायला सांगितलेलं नसतं. चित्रकलेच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून जूनपासून एप्रिलपर्यंत त्या एका झाडाची वही मुलांकडून करून घेतली तर पिंपळाची कोवळी पालवी आधी तांबूस असते, हे दहा वर्षांच्या मुलाला पुस्तकाआधी कळेल. त्यासाठी परीक्षेत अशा निरीक्षणवहीला गुण ठेवावे लागतील, आणि ज्या शाळांत कलाशिक्षकाची जागा रिकामी आहे तिथे ती भरावी लागेल.