घर घेताना, भाग 7 : डोंगराकडची खोली, डोंगराकडचा फ्लॅट

मागच्या भागात आपण वसईचा सखल पट्टा पाहिला. मिठागरं, भरावाच्या जमिनी, आणि जुलै 2018 च्या पावसात तिथे दिवस-दिवस अडकून पडलेली माणसं. ते वाचल्यावर कोणीही म्हणेल, मग उंचावर घर घ्यावं. वसई-विरारला उंचीची वाण नाही. पूर्वेला तुंगारेश्वरची रांग उभी आहे, विरारला जीवदानीचा डोंगर आहे, आणि भावही स्टेशनजवळच्या मानाने कमी. मग अडचण कुठे आहे?

ते कळायला आधी एक दूरचं शहर पाहू. इंडोनेशियात, जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेमारांग नावाचं बंदराचं शहर आहे. त्याची ठेवण आपल्याशी बरीच जुळते : खाली समुद्रालगत सपाट जुनं शहर, मागे टेकड्या. सपाटीवर भूजलाच्या उपशामुळे जमीन खचत चालली आहे आणि भरतीचं पाणी गल्ल्यांत शिरतं. टेकड्यांवर मात्र चंडी नावाची वस्ती डच अमदानीत, शंभरेक वर्षांपूर्वी, थॉमस कार्स्टन या नगररचनाकाराने आखली. रस्ते डोंगराच्या वळणाने नेले, पाण्याची वाट आधी ठरवली, मग प्लॉट पाडले. ऐपतदार लोक वर राहायला गेले आणि वरच्या घरांना तेव्हापासून मोल आलं.

आपल्याकडे गंगा उलटी वाहिली. ज्यांना सपाटी परवडली त्यांनी स्टेशनच्या आसपास आणि पश्चिमेला घरं घेतली. डोंगराकडे गेले ते कारखान्यांतले कामगार, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका. वालीव, सातिवली, राजिवली, पेल्हार, जीवदानीखालचं फुलपाडा या पट्ट्यात आधी चाळ उभी राहिली, मग तिला नंबर मिळाला, रस्ता आला तो त्याच्याही नंतर. गटार अजून पुष्कळ ठिकाणी यायचंच आहे. म्हणजे उंची दोन्हीकडे आहे, पण सेमारांगच्या टेकडीवर जे आधी केलं गेलं ते इथे कोणी केलंच नाही. डोंगराकडच्या स्वस्त घराचा भाव इथूनच समजून घ्यायला लागतो.

पाण्याचं गणित पाहू. आपले डोंगर बसाल्टचे. वर मातीचा आणि मुरमाचा थर, खाली अखंड कातळ. पाऊस मुरमातून खाली झिरपतो आणि कातळावर येऊन अडतो. झाडं असतील, उतार शाबूत असेल, तर तो हळूहळू ओढ्याला मिळतो. पण जेसीबीने पायथा उभा कापून सपाट जागा काढली की वरच्या थराचा आधार जातो, आणि चार दिवसांच्या संततधारेनंतर भिजून जड झालेला मुरूम कातळावरून घसरतो. 13 जुलै 2022 ला राजिवलीच्या वाघरालपाड्यात हेच झालं. सकाळी दरड चाळीवर आली, एका घरातले वडील आणि मुलगी गेले. डोंगर कोसळला असं आपण म्हणतो खरं. कोसळते ती बहुधा माणसाने कापलेली कड.

हेच पाणी पुढे जातं कुठे? तुंगारेश्वरवरून उतरलेले ओढे आधी मुंबई-अहमदाबाद महामार्गाशी अडतात, मग रेल्वेच्या भरावाशी, आणि मग नाल्यांतून खाडीकडे निघतात. वाटेतल्या मोऱ्या पुरेशा नसल्या की पाणी मागे फुगतं. त्यामुळे पत्त्यात ‘पूर्व’ आहे म्हणून घर उंचावर आहे असं मुळीच समजू नका. नालासोपारा पूर्वेचे कितीतरी रस्ते दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात असतात. डोंगर जवळ असणं वेगळं आणि घर उंच असणं वेगळं.

आता कागद. खरी दरड इथे आहे असं माझं मत.

तुंगारेश्वर 2003 पासून अभयारण्य आहे, सुमारे 85 चौरस किलोमीटरचं, आणि 2019 मध्ये त्याभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टाही जाहीर झाला. ज्या फ्लॅटला ‘फॉरेस्ट व्ह्यू’ म्हणून दोन पैसे जास्त मागतात, त्याच्या खिडकीबाहेरचं फॉरेस्ट नेमक्या कुठल्या सर्व्हे नंबरला संपतं, हे विकणाऱ्याला तोंडावर विचारा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना असतो. लोक मालकाचं नाव बघतात आणि तो वाचायचा सोडून देतात. 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्याची नोंद असली तर ती तिथेच सापडते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. डोंगरालगतच्या या पाड्यांमध्ये हा मुद्दा पुस्तकी नाही.

चाळीतली खोली बहुधा स्टॅम्पपेपरवर नोटरी करून विकली जाते. नोटरीने सही नोटरीसमोर झाली एवढंच सिद्ध होतं. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोटरीवाल्या खोलीत तुम्ही विकत घेता तो ताबा, तोही कोणी उठवेपर्यंतचा. ‘घरपट्टी लागलीय, लाइटबिल नावावर आहे,’ असं एजंट सांगेल. दोन्ही खरं असेल. महापालिका अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लावते, पण त्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

इमारत असली तरी गाफील राहू नका. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या, भरल्या, वर्षानुवर्षं नांदल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. आणि ऑगस्ट 2025 मध्ये विरार पूर्वेला विजयनगरची इमारत कोसळून 17 जण गेले, तीही अनधिकृतच. 2023 मध्ये बनावट सीसीवर, म्हणजे बांधकाम सुरू करण्याच्या दाखल्यावर, महारेराचा नंबर मिळवल्याची प्रकरणं विरारमध्येच उघडकीला आली. तेव्हा महारेराचा नंबर पाहून थांबायचं नाही. सीसीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जायचं आणि तो तिथल्या नोंदीशी ताडून घ्यायचा. एक दिवस मोडेल. मोडू द्या.

गुंतवणूक म्हणून घेत असाल तर एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. सूर्या प्रकल्पातून वसई-विरारला दिवसाला 185 दशलक्ष लिटर वाढीव पाणी ठरलं आहे आणि 2023 च्या अखेरीपासून ते येऊ लागलं. पण पाणी शहरात येणं आणि चढावरच्या टाकीत पडणं यात पंप, जलकुंभ आणि जलवाहिनीचं जाळं असतं. भाडेकरू पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यातून वजा केलात की मिळकत बँकेच्या ठेवीच्या जवळ, कधी खालीही येते. बँक कर्ज देत नाही अशी मालमत्ता पुढे रोखीवाल्यालाच विकावी लागते, आणि रोखीवाला भाव पाडूनच मागतो.

जाता जाता, परदेशाचं. बालीतल्या व्हिलांच्या जाहिराती हल्ली मराठी फोनवरही येतात. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे ‘हक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त तिथल्या नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला वापराचा हक्क किंवा भाडेपट्टा. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन देतो म्हणणाऱ्याचा व्यवहार तिथल्या कायद्यात टिकत नाही. आपल्या नोटरीवाल्या खोलीचाच तो महागडा भाऊ.

डोंगराकडचं घर पाहायचं असेल तर जुलैत, दोन दिवसांच्या पावसानंतर जा. मागची कड बघा : संरक्षक भिंत आहे का, तिच्यात पाणी निघायला भोकं आहेत का, आणि त्यांतून पाणी खरंच येतंय का. कोरड्या दिवशी, चहा पाजून दाखवलेल्या घराचं टोकन देऊ नका. पुढच्या भागात सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे इमारत तुमची पण जमीन अजून बिल्डरची, हे प्रकरण घेऊ.