दस्ता चमकवा, पण आतून नको!

स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसमधलं ब्राँझ बघून तुम्हीही रायफल शूटिंगला नाव घातलंय? सेकंडहँड एअर रायफल मिळालीय, पण लाकडी दस्त्याचं पॉलिश उडालंय? नव्या दस्त्याचा खर्च टाळून हे काम घरच्या गॅलरीत करता येतं.

प्रश्न फक्त लूकचा नाही. उघडं लाकूड पावसाळ्यात ओल शोषून फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. मग त्यात बसवलेल्या नळीची बैठक बदलते. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटरचा. तिथे एवढा फरकही महागात पडतो!

आधी हे करा
रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. दस्ता कोचसमोरच काढा. स्प्रिंग किंवा हवेच्या सिलिंडरला हात लावू नका. कुठला स्क्रू कुठला, याचा फोटो काढून ठेवा. धातूवरचा नंबर कधीही घासायचा नाही.

घासायचं कसं?
पोचा पडलाय? त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा. वाफेने दबलेलं लाकूड बऱ्यापैकी वर येतं. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर १८० आणि शेवटी ३२०. हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच चालवा, आडवा घासलात तर ओरखडे तेलानंतर आणखी उठून दिसतात. आणि नळी जिथे बसते ती आतली खाच अजिबात घासू नका. तिथलं लाकूड गेलं की बैठक सैल होते.

तेल की रंग?
ब्रिटिश फौजेच्या ली-एन्फील्ड रायफलींच्या दस्त्यांना जवसाचं तेल लावत. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉईल्ड’ मागा. चार थेंब घेऊन तळहाताने चोळा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा, दिवसभर वाळू द्या. असे पाच-सहा हात द्या. घाई करून जाड थर दिलात तर तो चिकटच राहील.
रंगच हवा असेल तर आधी प्रायमर, मग वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून स्प्रेचे पातळ थर. मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा.

तेलाच्या फडक्यांचा बोळा करून डस्टबिनमध्ये टाकू नका! जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर मोकळं पसरून वाळवा.

दस्ता परत बसवताना स्क्रू मॅन्युअलमध्ये दिले असतील तितकेच आवळा आणि रेंजवर जाऊन साइट पुन्हा सेट करा. म्हणूनच स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका. परीक्षेनंतरची सुट्टी बेस्ट!