तासाला किती मिली?

१९४०-४१ मध्ये जर्मन विमानं लंडनवर बॉम्ब टाकत असताना कोसळलेल्या घरांखालून हातपाय चेंगरलेली माणसं जिवंत निघत. उपचारांनी त्यांचा रक्तदाब सावरे, घरच्यांच्या जिवात जीव येई. मग लघवी कमी आणि गडद होऊ लागे. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा चार रुग्णांची हकिगत १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. चौघेही दगावले होते. चेंगरलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारं मायोग्लोबिन मूत्रपिंडं निकामी करतं, हे पुढे स्पष्ट झालं.

आजही आयसीयूत कॅथेटरच्या पिशवीतला आकडा दर तासाला लिहिला जातो. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्ध्या मिलीपेक्षा कमी लघवी, तीही सलग सहा तास, म्हणजे मूत्रपिंडाला इजा होत असल्याची खूण. साठ किलोच्या माणसासाठी ही सीमा तासाला ३० मिली. मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात वाढायला एखाद-दोन दिवस लागू शकतात. लघवी त्याआधीच बोलते.

पण ती काय सांगते? रक्तदाब घसरला की शरीर पाणी धरून ठेवतं, तेव्हा निरोगी मूत्रपिंडही लघवी आटवतं. गंभीर जंतुसंसर्गात मूत्रपिंडाच्या गाळणीला आणि नलिकांनाच मार बसतो. कधी नुसता कॅथेटर तुंबलेला असतो, म्हणून आधी तोच तपासायचा.

कारण न शोधता लघवी वाढवण्याचा मोह वैद्यकाला फार काळ होता. कमी मात्रेतलं डोपामाइन हे औषध मूत्रपिंडं वाचवतं, अशी समजूत अनेक वर्षं टिकली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ३२८ रुग्णांवरच्या चाचणीने २००० साली ती मोडली: डोपामाइन मिळालेल्यांना आणि न मिळालेल्यांना डायलिसिस सारखंच लागलं, मृत्यूंतही फरक नव्हता. सलाइनचंही तसंच. शरीरात पाणी खरोखर कमी असेल तर ते जीव वाचवतं; गरज नसताना ओतलं तर फुप्फुसांत साचतं आणि सुजलेल्या मूत्रपिंडांवरचा ताण वाढवतं. म्हणून संसर्ग आटोक्यात आणणं, रक्तदाब टिकवणं, मूत्रपिंडांना घातक औषधं थांबवणं हेच खरं काम. पोटॅशियम धोकादायक पातळीला गेलं किंवा फुप्फुसांत पाणी भरलं आणि औषधांनी ते आवरलं नाही, तर मात्र डायलिसिसला पर्याय नसतो.

महाराष्ट्राच्या शेतशिवारात घोणस चावल्यावरही हाच प्रसंग ओढवतो. तिचं विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं आणि मूत्रपिंडांवर घाव घालतं. अशा माणसाला एकही क्षण न दवडता रुग्णालयात न्यावं, आणि शेवटची लघवी कधी झाली, किती झाली, रंग कसा होता, हे सोबतच्यांनी विचारण्याआधीच डॉक्टरांना सांगावं.