स्टेजवर पियानो, गावात जंगल

हा एपिसोड मालवणला घरीच रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मधूनच कोंबडा आरवतो, तेवढं सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लेखी.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी सध्या एकच विषय असतो, गावची जमीन. सातबाऱ्यावर पंधरा नावं, निम्मे मुंबईत, निम्मे पुण्यात, आणि दर मे महिन्यात कोणीतरी विचारतंच, "विकून टाकूया काय?" यंदा आमच्याकडेही विचारलं. म्हणून आज चक लेव्हेलची गोष्ट.

नाव ऐकलं नसेल, पियानो ऐकला असेल. १९५२ साली अलाबामात जन्मलेला हा माणूस विशीत ऑलमन ब्रदर्स बँडमध्ये गेला. १९७३ च्या 'जेसिका' मधला पियानो त्याचाच. १९८२ पासून तो रोलिंग स्टोन्सबरोबर कीबोर्ड वाजवतो. कुठल्या रात्री कुठलं गाणं कसं वाजवलं याच्या वह्या तो ठेवतो. म्हणजे बँडचं डॉक्युमेंटेशन करणारा माणूस! आमच्या टीमला असा एक हवाय.

१९८१ च्या सुमारास त्याच्या बायकोला, रोझ लेनला, आजीकडून जॉर्जियात हजारेक एकर जमीन आली. आता तिचं करायचं काय? फळबाग म्हणा, गुरं म्हणा, रोज हजर राहावं लागतं, आणि हा तर सतत दौऱ्यावर. झाडांना तेवढी घाई नसते. मग पठ्ठ्याने फॉरेस्ट्रीचा पोस्टल कोर्स घेतला आणि दौऱ्यावर, बँडच्या बसमध्ये बसून अभ्यास केला. पुढे दोघांची नावं जोडून त्या जागेला 'शार्लेन' नाव दिलं.

तिथे मुख्य झाड पाइन. सुरुवातीला दाट लावायचं. साधारण पंधराव्या वर्षी विरळणी करायची, ती बारीक लाकडं कागदाच्या लगद्याला जातात. उरलेल्यांना ऊन-पाणी जास्त मिळतं, ती जाड होतात आणि पंचविशी-तिशीनंतर इमारती लाकूड म्हणून विकली जातात. पैसा टप्प्याटप्प्याने येतो आणि तोडलेल्या जागी पुन्हा लागवड होते.

त्यातला लाँगलीफ पाइन तर भन्नाट आहे. त्याचं रोप पहिली काही वर्षं चक्क गवताच्या झुपक्यासारखं दिसतं. वर वाढत नाही, मुळं खोल नेत राहतं. लांब पानांमध्ये कोंब लपलेला असतो, त्यामुळे जमिनीवरून हलकी आग गेली तरी रोप वाचतं आणि आजूबाजूचं रान जळून त्याला मोकळी जागा मिळते. म्हणून तिथे ठरवून, वारा बघून आग लावतात. आपल्याकडच्या वणव्याशी याची गल्लत करू नका, तो काजूच्या बागा खाऊन टाकतो. भाजावळ करणाऱ्यांना मात्र फरक लगेच कळेल. एकेकाळी हे जंगल नऊ कोटी एकरांवर होतं, विसाव्या शतकाअखेर तीस-पस्तीस लाखांवर आलं. म्हणजे ते पुन्हा लावणं हा नुसता छंद नाही.

१९९९ मध्ये लेव्हेल दांपत्याला अमेरिकेतले त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट वृक्षशेतकरी म्हणून गौरवलं गेलं. २००९ मध्ये एका जोडीदाराबरोबर त्याने 'मदर नेचर नेटवर्क' ही पर्यावरणाची वेबसाइट काढली. पियानोसुद्धा लाकडाचाच असतो, हे तो सांगत असतो.

आता तुम्ही म्हणाल, त्याच्याकडे हजार एकर आणि स्टोन्सचा पगार, आमच्याकडे तीस गुंठे आणि ईएमआय. बरोबर आहे, ही तुलना लंगडीच आहे. पण आपल्याकडे माणगा आहे ना! बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव बांबू, बांधावरही होतो. चार-पाच वर्षांनी तोड सुरू होते. मग दरवर्षी बेटातल्या जून काठ्या काढायच्या, कोवळ्या ठेवायच्या, म्हणजे बेट कायम राहतं. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला, त्यामुळे खासगी जमिनीवरचा बांबू तोडण्या-नेण्यातली मोठी अडचण गेली. आणि कुडाळला 'कॉनबॅक' ही संस्था २००४ पासून बांबूवरच काम करतेय.

हे सगळं मी घरी लॅपटॉप उघडून, एक्सेल शीट दाखवून समजावलं. आजीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "आधी गडगो घाल, मगे झाडांचा बघ. गुरां कोंब ठेवतली काय?"

सध्या चिऱ्यांचे भाव विचारत फिरतोय.