गोळी सुरू केली आणि मळमळायला लागलं?

डिप्रेशनसाठी सर्ट्रालीन किंवा एसिटालोप्राम सुरू केलंत आणि चार दिवसांत मळमळ, पातळ शौच, उडालेली झोप. मन मात्र होतं तिथंच. 'असली गोळीच नको' असं वाटणारच. पण हा उलटा क्रम का, ते पाहा.

शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे, आतड्यात असतं. पेशी वापरलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेतात. ती वाट गोळी काही तासांतच अडवते, आतड्यातसुद्धा. तिथल्या मज्जातंतूंवरचे ५-एचटी३ रिसेप्टर चेतवले गेले की मळमळतं. (केमोथेरपीतली उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन नेमके हेच रिसेप्टर अडवतं!) मेंदूत मात्र सेरोटोनिन वाढताच पेशी स्वतःच ब्रेक लावतात. तो सैल व्हायला काही आठवडे लागतात, आणि आराम उशिरा पडण्याचं हे एक कारण मानलं जातं.

मळमळ बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत कमी होते. तोवर गोळी जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनानं बंद मात्र करू नका. डोस कमी करता येतो, औषधही बदलता येतं. आणि हो, अमेरिकेत खोकल्याच्या साध्या औषधातही डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. ते या गोळीबरोबर घेण्याआधी फार्मासिस्टला दाखवा.

एका जागी बसवत नाही अशी तगमग किंवा जीव देण्याचे विचार आले, तर मात्र वाट पाहू नका. पंचविशीच्या आतल्यांना हा धोका अधिक. २००७ पासून अमेरिकेत औषधावरचा ठळक इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अमेरिकेत ९८८, भारतात टेली-मानस १४४१६. दोन्ही चोवीस तास चालू असतात.