नवा टायर आणि पहिले 160 किलोमीटर

गांधीबाग-इतवारीच्या बाजारातून माल उचलून कामठी, उमरेड, काटोल, सावनेरकडे जाणाऱ्या अनेक लहान व्यापाऱ्यांचे वाहन आज मोटारसायकल आहे. मोमिनपुऱ्यातील शिलाईचा कारीगर असो की आठवडी बाजारात कापड मांडणारा दुकानदार, त्याची रोजी या दोन चाकांवर चालते. झिजलेला टायर धोक्याचा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु अगदी नवा टायरसुद्धा पहिल्या काही दिवसांत घसरू शकतो, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नवा टायर बसविला की माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसतो.

असे का होते, हे टायर कसा बनतो ते पाहिले की लक्षात येते. नागपूरजवळ बुटीबोरी येथे 2016 साली सीएट कंपनीचा दुचाकी टायरचा कारखाना सुरू झाला. कारखाना कोणताही असो, टायर पक्का होतो तो साच्यातच. गंधक मिसळलेल्या रबराचा कच्चा टायर तापलेल्या साच्यात ठेवतात, आतून दाब देतात आणि सुमारे 150 अंश सेल्सिअस उष्णतेवर तो पक्का करतात. नक्षीच्या खाचा याच वेळी उठतात. साचा आतून गुळगुळीत असल्यामुळे टायरची वरची कातडीही गुळगुळीत निघते. टायर साच्याला चिकटू नये म्हणून काही ठिकाणी जो लेप वापरतात, त्याचा अंशही वर राहू शकतो.

कापडाच्या धंद्यातील आम्हा लोकांना हे समजणे अवघड नाही. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. ती निघाल्याशिवाय कापड रंग नीट धरत नाही. तसेच टायरची वरची कातडी घासली गेल्याशिवाय रबर रस्ता नीट धरत नाही. खळ धुऊन निघते. टायरची कातडी मात्र रस्त्यावर जपून चालवूनच काढावी लागते.

त्यासाठी किती अंतर लागते? अनेक टायर कंपन्या पहिले सुमारे 160 किलोमीटर, म्हणजे 100 मैल, सांभाळून चालविण्यास सांगतात. नागपूरहून वर्ध्याला जाऊन परत येण्याइतकेच हे अंतर. परंतु येथे एक मेख आहे. सरळ सडकेवर टायरचा फक्त मधला पट्टा घासला जातो. वळणावर गाडी कलते तेव्हा कडेचा भाग रस्त्याला लागतो, आणि तो अजून कोराच असतो. म्हणून नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. नव्या टायरवर रबराचे बारीक केस दिसतात. साच्यातील हवा बाहेर जाण्याच्या छिद्रांत रबर शिरून ते तयार होतात. कडेकडचे केस आणि चकाकी जशीच्या तशी असेल, तर तो भाग अद्याप रस्त्याला लागलेला नाही असे समजावे.

वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(1) टायर चढविताना साबणाचे पाणी किंवा त्यासाठीचीच पेस्ट वापरावी. तेल, ग्रीस, डिझेल लावू देऊ नये. टायरवर बाण असल्यास तो चाक फिरण्याच्या दिशेने हवा. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

(2) हवा गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तेवढीच, टायर थंड असताना भरावी. पकड वाढेल या समजुतीने हवा कमी करू नये.

(3) पहिले काही दिवस कापडाचा गठ्ठा किंवा मागे दुसरा माणूस शक्यतो घेऊ नये. एकदम वेग वाढवू नये, झटक्याने ब्रेक दाबू नये. पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. वळणावर सुरुवातीला गाडी कमी कलवावी, मग रोज थोडी थोडी जास्त.

(4) टायर काळा चमकावा म्हणून जे पॉलिश लावतात, ते रस्त्याला लागणाऱ्या भागावर मुळीच लावू देऊ नये. पेट्रोल किंवा रॉकेलने टायर पुसू नये. त्याने रबर खराब होते. सँडपेपरने घासण्याचीही गरज नाही.

(5) खरेदीच्या वेळी टायरच्या बाजूवरील चार आकडे पाहावेत. 2324 म्हणजे 2024 सालच्या 23 व्या आठवड्यातील माल. फार जुना पडून राहिलेला टायर घेऊ नये.

आता वेळेचा प्रश्न. पाऊस तोंडावर आला की पुष्कळ लोक टायर बदलतात. मग कोरा टायर आणि पहिला पाऊस एकाच वेळी गाठतात. पहिल्या सरींत सडकेवरची धूळ आणि सांडलेले तेल एकत्र होऊन चिकचिक होते. गुळगुळीत झालेले सिमेंट रस्ते, पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणे यांवर तर जुना, रुळलेला टायरही घसरतो. म्हणून टायर बदलायचाच असेल तर तो मे महिन्यात बदलावा. कोरड्या सडकेवर महिनाभर चालून मृगापर्यंत तो तयार होतो.

शिवणकाम करणाऱ्याचा हात मोडला तर मशीन बंद पडते, आणि फेरीवाला घरी बसला तर उधारीची वसुलीही थांबते. चार दिवस गठ्ठा हातगाडीने किंवा ऑटोने पाठवावा लागला, तर त्याचे भाडे टायरच्या किमतीतच धरावे.